गाडी करणारं घर

आमच्या भागात ‘गाडी’ या शब्दाचा अर्थ दर पिढीला बदलत गेला. आज्ज्याच्या वेळी गाडी म्हणजे लाकडी चाकाची बैलगाडी. आण्णांच्या उमेदीच्या काळात टायरगाडी, आणि तिच्या मागोमाग ट्रॅक्टरची ट्रॉली. आता गावातल्या पोराला ‘गाडी कुठाय?’ म्हणून विचारलं तर तो मोटारसायकलकडं बोट करतो. मोटारसायकल सोडली तर बाकीच्या सगळ्या गाड्या आमच्या घरात झाल्या. आज्जा सुतार, आण्णा वेल्डर, आणि मी काय ते लोकांनी ठरवावं. सगळे ‘मिस्त्री’ म्हणतात, तेवढं पुरतं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, आताच्या पलूस तालुक्यातलं. जमीन काळी, पाण्याला कमी नाही, आणि नजर जाईल तिथवर ऊस. किर्लोस्करवाडी सायकलवरून अर्ध्या तासाची वाट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर करायला लागले. तेव्हा लोखंडाच्या नांगरानं जमीन नासते, असं लोक म्हणायचे. ही गोष्ट आमचा आज्जा रंगवून सांगायचा, कारण त्याच्या बापाचंही मत तेच होतं! लाकडी नांगर करणाऱ्या सुताराचं मत दुसरं काय असणार? पण पुढं त्याच कारखान्यानं आमच्या टापूतल्या दोन-तीन पिढ्यांना लेथ, फाउंड्री, फिटिंग ही कामं शिकवली. कुणी आत नोकरीला लागून शिकलं, कुणी बाहेरच्या छोट्या शॉपमध्ये. रस्त्याकडंला जी पत्र्याची शेडं दिसतात आणि आत निळा उजेड लखलखतो, त्यातल्या निम्म्यांचं मूळ हुडकलं तर त्या माळावर जाऊन पोचतं.

आज्ज्याचं चाक बाभळीचं असायचं. मधे तुंबा, त्यात बसवलेले बारा आरे, आणि आऱ्यांच्या डोक्यावर घेराचे सहा लाकडी तुकडे, एकेका तुकड्यात दोन आरे. हे सगळं खिळ्याशिवाय उभं राहायचं. त्याला आवळून धरायची ती लोखंडी धाव. धाव चढवणं हे लोहाराचं काम, पण त्या दिवशी आज्जा भट्टीपासून हलायचा नाही. धावेचा घेर चाकापेक्षा मुद्दाम बोटभर कमी ठेवायचा. मग शेणी पेटवून ती लाल करायची, म्हणजे ती फुगते. तीन-चार गड्यांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची आणि घणानं ठोकून लगेच पाणी मारायचं. धाव आकसली की सगळं लाकूड करकरत एकात एक जाऊन बसायचं. तो करकर आवाज कसा आला त्यावरून आज्जा चाकाचं आयुष्य सांगायचा. आवाज आलाच नाही, तर धाव सैल आहे आणि पहिल्याच उन्हाळ्यात निखळणार.

पण आज्ज्याचं खरं ज्ञान चाकात नव्हतं, आख कुठं बसवायचा यात होतं. गाडीचा भार आखाच्या मागं जास्त गेला तर गाडी उलाळ होते, म्हणजे पाठीमागं झुकते, जू वर उचललं जातं आणि जोत्यानं बैलांचे गळे आवळले जातात. भार पुढं जास्त आला तर तो सगळा बैलांच्या मानेवर. मानेला आवाळू आलेला बैल दिसला की आज्जा बैल न बघता गाडी बघायचा. ‘आख चार बोटं पुढं घे, बैल आपोआप बरा हुईल,’ असं सांगायचा. हा शब्द, उलाळ, लक्षात ठेवा. लाकूड गेलं, लोहाराची भट्टी गेली, तरी हा शब्द आमच्या शॉपमध्ये अजून रोज बोलला जातो.

मजुरीची रीत वेगळी होती. सुतार आणि लोहार हे बलुतेदारांतले थोरल्या कासेचे. वर्षभर कुणाचा नांगर मोडो, कुळवाची दांडी तुटो, आज्ज्यानं ती नीट करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. नवी गाडी केली तर तिचं वेगळं ठरायचं. या रीतीचं गुणगान करणारे लोक मला भेटतात, विशेषतः शहरातले. त्यांनी त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ वाचावं. बलुत्यात कुणाकुणाची कशी ओढाताण व्हायची ते त्यात आहे. आमच्या घरची आठवणही काही गोड नाही. खळ्यावर आज्जा सगळ्यात शेवटी उभा राहायचा. माप कोण घालतंय त्यावर पायली ठरायची. पीक बुडालं तर बलुतं बुडालं, पण पुढच्या वर्षी नांगर नीट करायला नाही म्हणायची सोय नव्हती. एक गोष्ट मात्र खरी: शेतकरी बुडाला तर सुतार बुडतो हे दोघांनाही ठाऊक होतं आणि ते उघड होतं. पुढं रोखीचा जमाना आला तेव्हा हे बदलेल असं आण्णांना वाटलं होतं.

आण्णा १९६६ च्या सुमाराला एका छोट्या शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. बारा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली. १९७८ साली रस्त्याकडंच्या आमच्या दोन गुंठ्यांत शेड घातलं. एक तेलाचा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, कार्बाइडची गॅस टाकी, एक ऐरण, आणि दोन वर्षांनी एक जुना सहा फुटी लेथ. आज्जा तेव्हा होता. तो शेडच्या दारात बसायचा, पण वेल्डिंगकडं बघायचा नाही. डोळ्यांसाठी असेल, किंवा दुसऱ्या कशासाठी.

तेव्हा काम होतं ते टायरगाडीचं. ही गाडी आमच्याकडं उसानं आणली. १९५० च्या अखेरीला नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याच दशकात सांगलीत वसंतदादांनी कारखान्याचं काम हाती घेतलं. मग कृष्णा-वारणेच्या काठानं एकेक धुराडं उभं राहत गेलं. नदीवर उचल पाण्याच्या योजना झाल्या, जोंधळ्याची रानं उसाखाली गेली. जोंधळा घरी आणायला लाकडी गाडी पुरत होती. ऊस मात्र तोडल्याबरोबर कारखान्याला पोचला पाहिजे, नाहीतर वजन घटतं आणि साखर उतरते. धावेच्या चाकावर टनभर माल नेताना बैल रडकुंडीला यायचे. हवेचे टायर आणि बेअरिंगचा हब आल्यावर तेच बैल दोन-अडीच टन ओढायला लागले. म्हणजे ओढायला लावले गेले. जनावरानं किती ओझं ओढावं याचे नियम देशात १९६५ पासून आहेत. ते नियम वाचलेला गाडीवान मला अजून भेटायचा आहे.

टायरगाडीनं आज्ज्याचा धंदा बसवला आणि आण्णांचा उभा केला. एकाच घरात, एकाच अंगणात. लाकडाऐवजी चॅनेलचा सांगाडा, बाभळीच्या आखाऐवजी चौकोनी लोखंडी एक्सल. पहिली गाडी झाली तेव्हा आण्णांनी सांगाड्याच्या बरोबर मध्यावर एक्सलची खूण केली होती. आज्जा उठला, खडू घेतला, ती खूण पुसली आणि मागं-पुढं बघून दुसरी केली. ‘मोळ्या मागं बाहीर येत्यात, भार मागं जातोय. मध्य लाकडाचा न्हाई बघायचा, मालाचा बघायचा.’ आण्णांनी एक्सल तिथंच बसवला.

ट्रॉलीचं कामही याच हिशेबावर चालतं, फक्त वजन दसपट. दोन चाकी ट्रॉलीत थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर यावाच लागतो, त्याशिवाय मागची चाकं जमीन धरत नाहीत. पण जास्त आला तर चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. आणि ट्रॉली उलाळ झाली तर हूक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि उताराला ब्रेक लागत नाही. ट्रॉली बाहेरून नुसता पत्र्याचा डबा दिसते. ती चालते की मारते हे एक्सल चार इंच कुठं सरकला यावर ठरतं.

काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण बघणाऱ्याला वाटतं चिकटवलं की झालं. पहिल्यांदा चॅनेल कापून जमिनीवर मांडायचे. चारी बाजू मापात आल्या म्हणून चौकट काटकोनात आली असं नाही. म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांना दोरी लावायची. दोऱ्या सारख्या भरल्या तरच टाके मारायचे. मग पक्की वेल्डिंग, पण एका बाजूनं सलग ओढत जायचं नाही. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. म्हणजे धावेचाच खेळ. पण धावेत तो आपल्या कामाला यायचा, इथं आपल्यावर उलटतो. एकाच बाजूनं रॉड ओढला तर सगळी चेसी केळीच्या पानासारखी वळते. म्हणून थोडं इकडं, थोडं समोर, मग उलटून खाली. जाड कामाला आठ नंबर रॉड, पत्र्याला बारा नंबर, एरवी दहा. पाटे, शॅकल, एक्सल, हब बसवून झालं की बॉडी. तळाला जाड पत्रा, बाजूला अँगलच्या उभ्या पट्ट्या, मागं फाळका. हायड्रॉलिक असेल तर जॅकखालची बैठक दुप्पट मजबूत, कारण भरलेला माल उचलताना पहिल्या वितीला सगळा जोर तिथं येतो. शेवटी रेड ऑक्साइड, रंग आणि पेंटर. पेंटर हा प्राणी कधीच वेळेवर येत नाही. आल्यावर मात्र फाळक्यावर मालकाच्या पोरांची नावं, देव आणि दोन मोर इतक्या झोकात काढतो की मालक वेल्डिंग बघायचंच विसरतो.

दोन माणसं आणि एक पोरगं असेल तर अशी ट्रॉली दहा-बारा दिवसांत होते. वीज असेल तर.

२००५ नंतरची काही वर्षं खेड्यातल्या शॉपवाल्यांनी कशी काढली ते आम्हालाच माहीत. भारनियमन बारा-बारा तासांचं, आणि तेही आठवड्याला बदलणारं. आज सकाळची पाळी, तर पुढच्या आठवड्यात रात्रीची. आम्ही रात्री दोनला उठून वेल्डिंग करायचो. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, मिस्त्र्याच्या शेडात रात्री विजा पडतात. आलेली वीजही धड नसायची. व्होल्टेज पडलं की रॉड नीट वितळत नाही, वरून रेघ सुरेख दिसते आणि आत पोकळ. अशा वेळी आण्णा चक्क काम बंद करायचे. ‘लाइट न्हाई म्हणून उशीर झाला तर गिऱ्हाईक शिव्या देतंय. टाका सुटला तर माणूस जातंय,’ असं म्हणून हातपाय धुऊन मोकळे. पुढं आम्ही जनरेटर घेतला. त्याच्या डिझेलचा खर्च कुणाच्याच बिलात लावता आला नाही.

पण या धंद्याचं खरं दुखणं वीज नव्हे, उधारी. सगळ्यांना ट्रॉली हवी असते दसऱ्याच्या आत, कारण दिवाळीच्या पुढंमागं कारखान्याचं बॉयलर पेटतं. म्हणजे भाद्रपद-आश्विनात आमच्याकडं रांग, आणि शेतकऱ्याच्या हातात तेव्हा दमडी नसते. त्याचे पैसे उसात उभे असतात. तो थोडी उचल देतो, बाकीचं ‘बिल आल्यावर’. लोखंडवाला मात्र आम्हाला महिन्याची मुदत देतो, त्यावर व्याज. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यात लिहिलंय, ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कागदावर इतकं सरळ की एखाद्याला वाटावं, चौदाव्या दिवशी शेतकरी आणि पंधराव्या दिवशी मिस्त्री मोकळा.

एका हंगामात आमच्या चार ट्रॉल्यांचे मालक एकाच कारखान्याला ऊस घालत होते. कारखान्याचं नाव घेत नाही. त्या वर्षी साखरेचा भाव पडलेला. डिसेंबरात घातलेल्या उसाचं बिल पाडव्याला आलं नाही, मृगाला आलं नाही. चारी मालक आमच्या दारात येऊन बसायचे. तोंड लपवणारा त्यात एकही नव्हता. एकजण तर म्हणाला, ‘मिस्त्री, ट्रॉली परत न्या, पण बोलू नका.’ परत आणून तिचं काय करणार? फाळक्यावर त्याच्या पोरांची नावं. त्या पावसाळ्यात आण्णांनी लेथ विकला. सातारकडचा एक शॉपवाला टेम्पो घेऊन आला. लेथ फाउंडेशनवरून उचलताना आण्णा तिथं नव्हते, रानात गेले होते. सिमेंटात चार बोल्ट राहिले. ते अजून तसेच आहेत. त्यांना ठेच लागते म्हणून कापून टाकूया असं मी दोनदा म्हटलं. आण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तसा मग मीही तो विषय सोडला.

लेथ गेल्यावर हबचं, बुशांचं काम बाहेरून करून आणावं लागलं. नफ्यातला तेवढा हिस्सा कायमचा गेला. बिलं त्या दिवाळीला आली. व्याज कुणालाच मिळालं नाही. त्या रात्री आण्णा आज्ज्याची आठवण काढून म्हणाले, ‘त्येचं बलुतं बुडायचं तवा समोरचा माणूस तरी दिसायचा. आता कुणाकडं बघून वरडायचं?’ बलुत्याचा मी काही चाहता नाही, पण या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. रोखीचा जमाना आला असं आपण म्हणतो. खेड्यातल्या कारागिराला तो फार थोडे दिवस दिसला. खळं जाऊन कारखान्याचं गेट आलं, एवढंच. तिथंही आम्ही रांगेत शेवटीच.

लोखंडाच्या भावाचा मार वेगळा. २००८ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत भाव असा चढला की सकाळी विचारलेला दर संध्याकाळी राहायचा नाही. आम्ही चैत्रात तीन ट्रॉल्यांचा सौदा केला होता. आण्णांची रीत अशी की एकदा हातावर हात मारला की भाव बदलायचा नाही. तिन्ही गाड्या त्याच भावात दिल्या. भोवतालच्या शॉपवाल्यांनी वाढीव पैसे मागून घेतले आणि आम्हाला वेड्यात काढलं. वर्ष सरता सरता तोच भाव धाडकन खाली आला. चढ्या भावात साठा करून बसलेल्यांच्या अंगणात गंजलेले चॅनेल पडून राहिले. आम्ही साठा केला नव्हता, कारण साठ्याला पैसेच नव्हते. गरिबीचा असाही कधीकधी फायदा होतो.

मालकांची हाव हा एक विषय आहे, आणि त्यावर मी लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल. तरी लिहितो. एका ट्रॅक्टरला मागोमाग दोन ट्रॉल्या जोडून वीस टनांच्या आसपास ऊस नेणं आमच्याकडं नेहमीचं. त्यावरही मालकाचा हट्ट, बाजू एक फूट वाढवा, दांडी लांब करा. एक पाव्हणं असेच आले. नवी ट्रॉली, दोन फुटांनी लांब, एक्सल मात्र जुनाच घालायचा, कारण त्यांच्याकडं पडून होता. आण्णांनी एक्सल बघितला, बोटानं टिचकी मारली आणि ‘ह्यो त्येला पुरायचा न्हाई’ म्हणाले. पाव्हणं म्हणाले, ‘मोडला तर माझा मोडंल, तुमचं काय जातंय?’

‘मोडंल तवा मागं मोटारसायकलवर कोण असंल ते तुमाला म्हाईत हाय का?’

ते उठून गेले. त्यांची ट्रॉली दुसऱ्या शॉपमध्ये झाली आणि स्वस्तात झाली. त्या वर्षी त्यांच्या भावकीतली दोन कामंही आमच्याकडून गेली. दोन हंगामांनी तीच ट्रॉली आमच्या दारात आली. दांडीला हाताएवढी भेग गेलेली. आण्णांनी जुनं काही काढलं नाही, दांडी बदलून दिली. एक्सल मात्र तोच होता, आणि तो बदलायला मालक तेव्हाही तयार नव्हते. त्या दिवशी आण्णांनी एकच केलं. मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आपल्या पैशानं लावल्या. रात्री रस्त्याकडंला बंद पडलेली, दिवा नसलेली उसाची ट्रॉली हा आमच्या भागातला मोठा यम आहे. दर हंगामात पोलीस आणि आरटीओवाले रिफ्लेक्टर लावा म्हणून सांगत फिरतात. रुपयांत हिशेब केला तर ट्रॉलीतली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि मालक सगळ्यात आधी खोड काढतो तीही तीच.

कायद्याचं म्हणाल तर, मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. ट्रॉली म्हणजे ट्रेलर, आणि त्याचीही नोंदणी लागते. नियमाप्रमाणे गाडी बनवणाऱ्यानं आपला नमुना पुण्याच्या एआरएआय, नगरच्या व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रासारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. सुरुवातीची कित्येक वर्षं हे आमच्यापर्यंत पोचलंच नाही. पोचलं तेव्हा कडक होऊन पोचलं. मंजूर नमुना नाही तर पासिंग नाही. पासिंग नाही तर बँकेचं कर्ज नाही. आमच्यासारख्या शॉपमध्ये एकासारखी दुसरी ट्रॉली कधी होतच नाही. एकाचं रान चिबड, त्याला रुंद टायर. दुसऱ्याची वाट बोळातली, त्याला अरुंद बॉडी. नमुना पाठवायचा कुठला? रस्त्यावरच्या माणसाच्या जिवासाठी नियम हवा, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. वरचा एक्सलचा किस्सा सांगून झाल्यावर दुसरं काय बोलणार? पण नियमाचा खर्च पेलणारे मोठे कारखानदार टिकले. आणि अंगच्या ज्ञानानं एक्सल बरोबर बसवणारा मिस्त्री त्याच यादीत गेला, ज्यात जुना एक्सल घालून देणारा होता. आता नव्या ट्रॉल्या बहुतेक मंजुरीवाल्या कंपन्यांच्या येतात. आमच्याकडं येतं ते दुरुस्तीचं काम, फाळके, पाण्याचे टँकर आणि रानातली अवजारं.

पुराचं सांगायचं राहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं शेड रस्त्याच्या उंचीला, २००५ च्या पुरात पायरीला पाणी लागून गेलेलं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. या वेळी छातीएवढं पाणी आत आलं. माणसं, जनावरं आधी काढली, मशिनं राहिली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तेलाच्या जागी गाळ. त्याचं वाइंडिंग काढून आठ दिवस उन्हात वाळवलं, वार्निश मारलं, नवं तेल घातलं. चालू होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. झाला. आण्णांच्या १९७८ च्या पहिल्या खरेदीतला तो एकच जीव आता शिल्लक आहे. नवी इन्व्हर्टर मशिनं हलकी, विजेला कमी, सगळं खरं, पण ती पुरातून परत आली नाहीत.

आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडं वळवला गेला. गॅस कटिंगला आम्हाला तोच ऑक्सिजन लागतो. एरवी गावाला हे ठाऊकही नसतं. आमच्याकडं दोन सिलिंडर होते, एक भरलेला, एक निम्मा. आण्णांनी ते उभे करून पुसले आणि पुरवठादाराच्या गाडीत घालून दिले. ती गाडी तालुक्याला निघाली होती. पुढं दीड-दोन महिने आम्ही जाड चॅनेल कटर मशीननं, घासत-घासत कापले. जे काम गॅसनं पाच मिनिटांत होतं त्याला अर्धा तास. सिलिंडर पावसाळ्यात परत आले. एकावर कुणाचा तरी वॉर्ड नंबर खडूनं लिहिलेला होता. पुतण्या तो पुसायला निघाला, आण्णा म्हणाले, ‘राहू दे, पावसानं जाईल.’

आता बैलगाड्या उसाच्या रस्त्यावर कमी झाल्यात. तोडणीला टोळ्या मिळत नाहीत म्हणून ऊस तोडायची मशिनं रानात उतरतायत. मशीन उसाचे वीतभर तुकडे करून सोडतं, त्यामुळं मोळ्यांसाठी केलेली उघड्या बाजूंची ट्रॉली त्याला चालत नाही. जाळीची उंच बॉडी लागते. गेल्या आश्विनात असंच एक काम आलं. गावातल्याच एका तरण्या पोराची मंजुरीवाली ट्रॉली, तिच्यावर जाळीची बॉडी चढवायची. पुतण्यानं मोबाइलवर चित्र काढलं, मापं टाकली, सगळं चोख. आण्णा आता सत्तरीच्या पुढं, दारातल्या आज्ज्याच्याच जागेवर बसतात. पुतण्यानं त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘तुकडं मशिनीतनं पडत्यात तवा ढीग पुढं लागतुया का मागं?’

पुतण्याला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो शेजारच्या गावच्या रानात मशीन चालू होतं तिथं जाऊन आला. ढीग मागं लागतो. बॉडी सव्वा फूट पुढं सरकवून बसवली. उचल निम्मी मिळाली आहे, बाकीचे बिल आल्यावर.